गौराक्काची सवत

गौराक्काच्या पायाची नखं मी नऊ वर्सं काढली. दर पंधरा दिवसानं, सोमवारी. सोमवारी आमचं केस कापायचं दुकान बंद असतंय, आन् त्या दिवशी गावात माज्याकडं कोन ध्यान देत न्हाय. तिला तेच पायजे हुतं. मी मागल्या दारानं जायचो, मागल्या दारानं यायचो. एकदा तिच्या शेजारनीनं मला बगितलं आन् माज्या बायकुला जाऊन तिखटमीठ लावून सांगितलं. बायकु भांडलीबी न्हाय. नुसती हसली. म्हनली, "तुमाला? तुमाला कोन बोलवंल मागल्या दारानं?"

तिचंबी बरोबर हाय. मी दुसरी नापास मानूस. हातात वस्तरा आन् तोंडात इनोद, ह्या दोनावर माजं पोट. त्यातला वस्तरा जरा बोथट हाय, म्हनून इनोद जास्ती चालवावा लागतो.

आमचं गाव वळसंगच्या पल्याड. निम्मं मराठी, निम्मं कानडी. भांडन मराठीत सुरू हुतंय आन् कानडीत संपतंय. गौराक्का घरात कानडी बोलायची, भाईर मराठी, आन् पायासंगं दोन्ही.

व्हय, पायासंगं. डावा पाय. गुडघ्याखाली जे हुतं त्याला पाय म्हनायचं म्हनून म्हनायचं. उखळासारका जाड. कातडी खरबरीत, घोट्यापाशी वळ्यावर वळ्या, आन् त्या वळ्यात बोटं बुडाल्याली. गावात त्याला हत्तीपाय म्हनत्यात. ती मातर सवत म्हनायची. "माज्या नवऱ्यानं दुसरी केली न्हाय तम्मा," ती मला सांगायची. तम्मा म्हंजे कानडीत धाकटा भाऊ. "दुसरी मीच आनली. आता ती आदी न्हानार, मंग मी."

आन् खरंच तसंच करायची. येरवाळी उठून पाट मांडायची, पाय घमेल्यात ठिवायची, साबन लावून हलक्या हातानं धुवायची. घासायची न्हाय. बाळतिनीच्या लेकराला न्हाऊ घालतानी कसं, तसं. मंग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं एकेक बोट, एकेक वळी टिपून कोरडी करायची. बोटाच्या बेचक्यात मलम. हे समदं झाल्यावर उजवा पाय नुसता घमेल्यात बुडवून काढायची. मी एकदा म्हनलो, "अक्का, हा थोरल्या बायकुवर अन्याय हाय." तर म्हनली, "थोरली शानी हाय. तिला कळतं."

ती हसवून बोलायची न्हाय, बरं का. असं बोलायची आन् तोंड आपलं तसंच, ढिम्म. हसायचं का न्हाय ते आपलं आपन ठरवायचं. मी तर धंद्यानं इनोदी, पन तिच्याफुडं माजा एक इनोद कदी चालला न्हाय. मी सांगून संपवायचो आन् ती म्हनायची, "मंग?"

कडक भाकऱ्या आन् शेंगाची चटनी करून सोलापूरला दुकानांत धाडायची, त्यावर घर चाललं. चटनी कुटतानी डावा पाय समोर विटंवर. बाजंच्या पायथ्याला दोन-दोन विटा, म्हंजे निजल्यावर पाय उंच ऱ्हातो. इरकली लुगडं असं नेसायची की काठ भुईला टेकायचा. त्या काठाला खाली चार बोटं पट्टी शिवलेली असायची, त्याच रंगाची. इस-बावीस वर्सं ती कुनाच्या लग्नाला गेली न्हाय, बारशाला गेली न्हाय. भाकऱ्या जायच्या, ती न्हाय. गावाला ठावं हुतं की अक्काचा पाय सुजका हाय. पन नवरा गेल्यावर तो पाय बगितल्याला मानूस म्हंजे तिचा पोरगा, सून, दवाखान्याची आशाताई आन् मी.

ती सोळाची हुती तवा म्हनं पयला ताप आला आन् जांगंत अवधान, म्हंजे दुकरी गाठ, आलं. उतरलं. लगीन झालं. पयल्या बाळातपनानंतर परत ताप, परत अवधान, पायावर सूज. सूज आली की उतरायची, उतरली की यायची, आन् एक दिस आली ती ऱ्हायली. सासूनं गंडे बांदले. कुनी म्हनलं करनी, कुनी म्हनलं नागाच्या बिळावर पाय पडला. बारा वर्सं तिनं त्या पायाची माफी मागितली, कुनाकुनाची कोन जाने. मंग एकदा सरकारी दवाखान्यातला मानूस आला आन् म्हनला, "बाई, हे डासानं हुतंय. गटारातला, संडासाच्या टाकीतला डास. एकाच्या रगतातला जंतू उचलतो आन् दुसऱ्याच्या अंगात सोडतो. बारीक दोऱ्यासारका जंतू असतो."

अक्का मला सांगायची, "त्या दिवशी मी घरात जाऊन रडले. सुखानं रडले रं. म्हंजे मी काय पाप केलं न्हवतं. एक डास चावला हुता."

तवापास्नं ती डासाच्या मागं लागली. गावात संडास झाले, टाक्या झाल्या, त्यांच्या हवेच्या पायपा वर उघड्या. अक्कानं जुनी लुगडी फाडून फडकी केली आन् पोरासंगं घरोघर धाडली, पायपाच्या तोंडाला बांदा म्हनून. बांदायला मानूस कोन? मी. शिडीवर चढलो, एका हातात फडकं, एका हातात सुतळी, आन् धरायला तिसरा हात देवानं दिल्याला न्हाय. पडलो की धाडकन उकिरड्यात. लंगडत अक्काकडं गेलो, म्हनलं जरा हळद तरी लावंल. तिनं इचारलं, "फडकं बांदलंस का?" मी म्हनलो, "न्हाय, पडलो की." म्हनली, "मंग परत जा."

तिची एक गोष्ट मातर सांगायची तर माजी मान खाली जाती. तिची नखं जाड, वाकडी, कातडीत घुसलेली. नखं काढायला माज्या आज्याची नरानी हुती, तीच मी वापरायचो. एकदा बोलायच्या नादात हात सटाकला आन् अंगठ्याला लागलं. रगताचा थेंब आला, एवडासा. मी म्हनलो, "काय न्हाय अक्का, मुंगी चावल्यागत हाय." तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप. पाय लाल, तव्यावानी गरम. आठ दिवस ती बाजंवर. अशा पायाला जरा जखम झाली तर असं हुतंय, हे मला तवा कळलं. तिच्या पोरानं चारदा इचारलं, "आई, लागलं कुटं?" ती म्हनली, "उंबऱ्याला ठेचकाळले." मी भेटाया गेलो, तर मला बोलूच दिलं न्हाय. म्हनली, "सुम्न कुंद्रो तम्मा." गप बस. "फुडल्या बारीला नरानी उकळत्या पान्यात टाकून आन. आन् नखं काढतानी तोंड बंद."

तोंड बंद ठिवायला ती मला नऊ वर्सं सांगत हुती. मी शिकलो न्हाय, आन् त्याचं फळ गावानं खाल्लं.

झालं काय, की दरसाल आमच्याकडं हत्तीरोगाच्या गोळ्या येत्यात. आमची आशाताई, सुनीता, घरोघर फिरती. वयापरमानं गोळ्या, आन् एक चघळायची. तिच्या समोरच गिळायच्या. मंग ती बोटाला शाई लावती. सांगती काय, की उपाशीपोटी घ्यायच्या न्हाईत. आन् ज्याच्या रगतात जंतू हाय त्याला जरा ताप, जरा गरगर हुती, जंतू मरत्यात म्हनून, भ्यायचं न्हाय. दोन वर्सांखालच्या लेकरांना न्हाय, गरवारशीला न्हाय, लई आजारी मानसाला न्हाय. बाकी समद्यांनी, धडधाकट असला तरी.

परवाच्या साली सुनीता आमच्याकडं आली ती सोमवारी. आन् आमचं निम्मं गाव म्हादेवाचा सोमवार धरतंय. मीबी धरतो. बायकु धरती म्हनून धरतो. ती घरात काय शिजवतच न्हाय. सुनीतानं इचारलं, "काका, खाल्लंय न्हवं?" आता बाईमानसाफुडं काय सांगायचं की सांजंपातूर पोटात नुसता चा हाय? म्हनलो, "दोन भाकरी!" घेतल्या गोळ्या. घटकाभरानं चावडीपाशी डोळ्याफुडं काजवं. पडलो त्यो गटाराच्या काठावर. चार जनांनी उचलून घरी नेला. गूळपानी प्यालो, भात खाल्ला, तासाभरात उठून बसलो.

बास. एवडंच झालं हुतं.

पन दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक म्हनलं, "दत्ता, काल काय झालं रं?" आन् माजी जीभ वळवळली. मी म्हनलो, "गोळी पोटात गेली आन् मला यम दिसला. रेड्यावर न्हाय, सरकारी जीपमधी." समदे हसले. ईराण्णा पाटील सगळ्यात मोठ्यानं हसला. ईराण्णाची वस्ती गावाभाईर रानात, दाढीला मंगळवारी यायचा. त्यो हसला की दुकान हालायचं. त्यो म्हनला, "फुडं काय झालं, सांग की!" त्यो हसला म्हनून मी आजून रंगवलं. पाय थंड पडलं, जीभ भाईर आली, बायकुनं बांगड्या काढायला घेतल्या. त्या दिवशी मी ती गोष्ट दहाबारा येळा सांगितली असंल, आन् दर येळेला मी जरा जास्तीच मेलो.

उपास तेवडा सांगितला न्हाय. उपास सांगितला की गोष्टीची मजा जाती.

दोन दिवसांत गावात गोळ्या बंद. कुनी म्हनलं नंतर खातो, कुनी हातात घेतल्या आन् कोंबड्यांफुडं टाकल्या. सुनीता दारातनं परत. "त्यो दत्ता न्हावी मरता मरता वाचला, आमी लेकरांना द्यायच्या व्हय?" ती अक्काच्या अंगनात बसून रडली. सालभराचं काम हुतं तिचं. अक्कानं तिला पानी दिलं आन् इचारलं, "मोहीम किती दिस हाय?" सुनीता म्हनली, "आजून तीनच दिस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान भरल्यालं. खुर्चीत ईराण्णा, मंगळवार नसतानीबी, तोंडाला फेस. बाकड्यावर पाच-सा जन. मी यमाची जीप चावडीपातूर आनली हुती, तेवड्यात दारात सावली पडली. बगतो तर गौराक्का. काठी टेकत आल्याली.

आमच्या दुकानात बाईमानूस कदी येत न्हाय. ती ईराण्णाला म्हनली, "येळु." ऊठ. त्यो फेसासकट उठला. अक्का खुर्चीत बसली, काठी माज्याकडं दिली, आन् लुगडं गुडघ्यापातूर वर घेतलं. डावा पाय उचलून, दोन्ही हातांनी उचलून, आरशाफुडल्या फळीवर ठिवला.

फळीवर माजी पावडर, कंगवं, वाटी. त्यात तो पाय. आन् आरशात आजून एक. कुनाला बगायचं नसलं तरी दोन-दोन पाय दिसत हुते.

"बगा," ती म्हनली. "बावीस वर्सं झाकला. आता बगून घ्या."

बाकड्यावरचं एक म्हातारं तोंड फिरवाया लागलं. "मामा, हिकडं बगा," अक्का म्हनली. "तुमच्या नातीला हा पाय आला तर तिकडं बगून चालंल व्हय?"

मंग माज्याकडं वळली. तिचा आवाज चढला न्हाय. "तम्मा, त्या दिवशी सकाळी काय खाल्लंतास?"

मी काठी ह्या हातातनं त्या हातात घेतली. "अक्का..."

"काय खाल्लंतास?"

"काय न्हाय. सोमवार हुता."

"आन् सुनीताला काय सांगितलंस?"

"दोन भाकरी."

"मंग सांग की ह्यांना. यमाचं सांगितलंस, भाकरीचं कोन सांगनार?"

मी सांगितलं. उपास धरल्याला, खोटं बोलल्याला, गूळपान्यानं बरा झाल्याला. जल्मात पयल्यांदा मी माजी फजिती सांगत हुतो आन् कोन हसत न्हवतं. लई जड जातंय तसं सांगनं. आपल्यावर हसवनं सोपं असतंय हो. हसू आलं की मानसं माफ करत्यात, आन् आपन केल्यालं तसंच ऱ्हातं.

त्या दिवसापास्नं तीन दिस अक्का, सुनीता आन् मी गल्लीगल्लीनं फिरलो. दुकान बंद. दारात गेलो की आदी मी माजी चूक सांगायची, मंग अक्का काठ वर करून पाय उंबऱ्याच्या भाईर ठिवायची, मंग सुनीता गोळ्या काढायची. अक्का एकेकाचं तोंड तपासायची, "बाय तेगी!" तोंड उघड. माज्या सासऱ्यानं गोळी जिभंखाली दडवली हुती, ती अक्कानं बोट घालून काढली आन् परत दिली. उपासवाल्यांना म्हनायची, "आदी खावा, देवाला मी सांगते." पोरं पाय बगून भ्यायची. एका पोरीनं मातर जवळ येऊन इचारलं, "दुकतंय का?" अक्का तितं कितीतरी येळ बसली.

समदं गाव झालं. ऱ्हायली ती ईराण्णाची वस्ती. त्यानं सुनीताला दोनदा परत पाटवलं हुतं: "आमच्या रानात डासच न्हाईत."

अक्का फुडं काय ऱ्हायली न्हाय. त्यानंतर सात-आठ दिसांनी तिला थंडी वाजून ताप आला. पायाला कुटंतरी भेग पडली हुती, चालून. पोरानं सोलापूरला दवाखान्यात नेली. तितंच गेली. डॉक्टर म्हनले छाती कमजोर हुती. पोरगा म्हनतो वय झालं हुतं. मी काय म्हनू? तीन दिस ती दारोदार चालली, ते माज्या तोंडापायी. पोराला मी तसं सांगितलंबी. त्यो म्हनला, "काका, तुमी न्हाय सांगितलं असतं तरी ती गेलीच असती कुटंतरी." ते त्यानं चांगुलपनानं म्हनलं.

त्यांच्यात, लिंगायतांत, मानूस मांडी घालून बसवून पुरत्यात. अक्काचा डावा पाय दुमडंना. पोरगा दोन्ही हातांनी दाबाया लागला आन् रडाया लागला. स्वामी म्हनले, "नको. लांब असला तर लांब असू दे. खड्डा मोठा करा." आमी चौघांनी परत कुदळी घेतल्या.

पन मला ती तशी आठवत न्हाय. मी तिला जित्ती शेवटची बगितली ती वस्तीवर, मोहिमंच्या शेवटच्या दिवशी.

गाडीवर तिला बसता येईना म्हनून माज्या पुतन्याचा टेम्पो घेतला. त्या बारक्या टेम्पोला समदे छोटा हत्ती म्हनत्यात. मी त्यो शब्द तोंडाभाईर काढला न्हाय. पयल्यांदा एक इनोद गिळला.

वस्तीवर ईराण्णा आडवा आला. "अक्का, पानी प्या, चा प्या, पन गोळीचं बोलू नका." तेवड्यात त्याची पोरगी पानी घेऊन आली. अठराची असंल. उनाचा कहर, आन् पोरीच्या पायात मोजं. अक्कानं तांब्या घेतला न्हाय. ती खाली बगत हुती.

"मोजं का गं घातलंस?"

"भेगा पडल्यात तिला," ईराण्णा म्हनला. लगीच म्हनला.

अक्कानं त्याच्याकडं बगितलं, मंग माज्याकडं. "तुमी दोघं हिरीकडं जावा. सुनीता, तू हितं थांब."

आमी हिरीवर जाऊन उबं ऱ्हायलो, घराकडं पाठ करून. ईराण्णानं बिडी काढली, पेटवलीच न्हाय. "सा महिनं झालं," त्यो म्हनला. "सांजच्याला सुजतो, सकाळी उतरतो. तिचं जमायला लागलंय, दत्ता. अक्कलकोटकडचं स्थळ हाय."

"मंग गोळ्या का न्हाय घेतल्यास रं?"

"आशाताई वहीत नाव लिवती. गोळी घेतली की नाव लागतं, असं वाटलं. म्हनलं, आपल्याला काय झालंच न्हाय असं दाखवावं."

"तिच्या वहीत समद्या गावाचं नाव असतंय, येड्या."

"मला काय ठावं."

दुकानात त्यो सगळ्यात मोठ्यानं का हसायचा, ते मला तवा कळलं. त्याला हसू येत न्हवतं. त्याला मी तसं बोलायला पायजे हुतो. आन् मी बोलत हुतो.

मी म्हनलो, "चल, गोळ्या घे." त्यानं बिडी परत खिशात घातली आन् घराकडं वळला.

आमी परत आलो तवा सुनीता ईराण्णाच्या बायकुला गोळ्या मोजून देत हुती, आन् त्या पोरीला सोमवारी दवाखान्यात न्यायचं सांगत हुती. ईराण्णानं समद्यांच्या समोर गिळल्या. अक्का मला म्हनली, "तम्मा, तू सुनीताला घेऊन जा. मी हितंच ऱ्हाते. सकाळी सूज उतरल्याली असती, तवा हिला पाय धुवायचं शिकवायला पायजे. पोराला सांग, उद्या न्यायला ये."

"बरी हुईल का ओ ती?" मी हळूच इचारलं.

"लवकर घावलीया," अक्का म्हनली. "माज्यागत हुऊ देनार न्हाय." आन् मंग, माज्याकडं न बगता, "माज्यामागं आजून एकबी पाय हुऊ द्यायचा न्हवता रं गावात."

टेम्पो वळवतानी मी मागं बगितलं. पोरीनं मोजं काढलं हुतं. दोघी ओसरीवर बसल्या हुत्या, पाय उनात सोडून. एक अक्काचा, त्याच्या शेजारी तो दुसरा, घोट्यापाशी नुसता भरल्यागत दिसनारा. पोरगी मान खाली घालून रडत हुती. अक्का तिच्या कानाशी वाकून काय तरी बोलली, कानडीत, तोंड तसंच ढिम्म ठिवून.

मला कानडी कळतंय. पन टेम्पो चालू हुता, काय बोलली ते ऐकू आलं न्हाय. पोरीनं डोळं पुसायला उचललेला पदर तोंडावर धरला, आन् तिचं खांदं हालाया लागलं. ती हसत हुती.